जुनी पद्मिनी : बॅटरी कधी रात्रीत उतरते, कधी आठवडाभर टिकते. करंट जातोय कुठे?

संगममाहुली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांची गाडी, आता मी आणि धाकटा भाऊ मिळून सांभाळतो. इंजिन उत्तम, गिअर सुरेख पडतात, पत्रा बऱ्यापैकी. पण गेल्या पावसाळ्यापासून एक दुखणं मागे लागलंय. संध्याकाळी गाडी ठणठणीत लावायची आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं "टक". बॅटरी पार बसलेली. बरं, हे रोज होत नाही. कधी चार-पाच दिवस उभी राहूनही पहिल्या सेल्फला चालू होते आणि कधी एका रात्रीत खलास.

बॅटरी नवी आहे, दुकानात लोड टेस्ट करून घेतली, ठीक आहे म्हणाले. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनॅमो बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी काढून त्या जागी अल्टरनेटर बसवून घेतला होता. इथल्या दोन वायरमनना दाखवली. एक म्हणाला अल्टरनेटर बदला, दुसरा म्हणाला अख्खं वायरिंग नवीन टाका. दोघांपैकी कोणीही मीटर हातात घेतला नाही, म्हणून दोघांनाही नाही म्हटलं.

जाता जाता आणखी एक. हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा जागचा हलतो. बंद केले की परत येतो. याचा त्याच्याशी संबंध आहे का?

मीटर आहे, वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

रानवारा

बॅटरीचा कट-ऑफ स्विच मिळतो, निगेटिव्हला लावा आणि रात्री फिरवून ठेवा. विषय संपला.

मीटर_दाखवा

रानवारा, विषय संपत नाही हो, फक्त दिसेनासा होतो. रात्रीत ४० अँपिअर-तासांची बॅटरी उतरते म्हणजे काही तास सलग दोन-तीन अँपिअर कुठेतरी जातायत. म्हणजे तीस-पस्तीस वॅट. एवढी उष्णता जिथे तयार होतेय ती जागा माहीत नसताना स्विच लावून निवांत झोपणं मला जमणार नाही. जुन्या वायरींचं कापडी आणि रबरी आवरण पापडासारखं कडक झालेलं असतं.

ताई, आधी हे आकडे द्या :
रात्रभर चार्ज करून, तासभर थांबून बॅटरीवर किती व्होल्ट? इंजिन चालू असताना किती? चावी काढून, निगेटिव्ह टर्मिनल सोडवून, टर्मिनल आणि केबलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून किती? तिसरं मोजताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

कोकणरस्ता

उंदीर बघा, उंदीर! आमच्या चिपळुणात पावसाळा लागला की बॉनेटखाली पहिला मुक्काम त्यांचाच. ऊब असते, कोरडं असतं. माझ्या जीपच्या डिस्ट्रिब्युटरशेजारी चक्क सुक्या गवताचं घरटं होतं आणि हॉर्नची वायर तांब्यापर्यंत सोललेली. ओल आली की हॉर्न आपोआप वाजायचा. शेजारचे आजोबा रात्री बारा वाजता गॅलरीत येऊन विचारायचे, "कोण आलं रे?"

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

पद्मिनी बघून राहवलं नाही. आमच्या वडिलांनी परळ नाक्यावर याच गाडीवर संसार केला. शेवटची नोंद असलेली काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची होऊन रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी बाबा टीव्हीसमोरून उठले नाहीत.

मुद्द्याचं सांगतो. टॅक्सीत वायरिंग हे पिढ्यान्‌पिढ्यांचं असायचं. आधीच्या मालकाने टेप लावला, त्याच्या आधीच्याने पंखा, नंतर गॅस किट आलं. प्रत्येकाने चालू वायर मिळेल तिथे सोलली, पीळ मारला, चिकटपट्टी गुंडाळली. बाबा नवी गाडी हातात आली की पहिल्या रविवारी एकच काम करायचे : डॅशबोर्डखाली आडवं होऊन, कंपनीची नसलेली प्रत्येक वायर शोधून तिला रंगीत दोरा बांधायचे. नंतर काही बिघडलं की आधी दोरेवाल्या वायरी बघायच्या. बहुतेक वेळा तिथेच सापडायचं.

चेतकप्रेमी

आमच्या चेतकला बॅटरीच नव्हती, त्यामुळे उतरायचा प्रश्नच नाही :) रेस दिली की दिवा प्रखर, सोडली की मिणमिण. घाटात उतारावर दिसावं म्हणून क्लच दाबून रेस द्यायचो.

निवृत्त_डेपो

मी एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालो. मीटर_दाखवा यांनी मागितलेले आकडे बरोबर आहेत, ते द्याच. पण मला आकड्यांआधी गाडीची हकिगत हवी असते. कधी उतरते, कधी उतरत नाही हा जो फरक आहे ना बाळ, तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तेव्हा सांगा :

अल्टरनेटर बसवताना आणखी काय काय बदललं? बॅटरी उतरते त्याच्या आदल्या दिवशी गाडी कोणी चालवली, कधी चालवली, पाऊस होता का, दिवे लावले होते का? गाडी चढावर लावता की सपाटीवर? उतरलेल्या सकाळी बॉनेट उघडल्यावर कुठली वस्तू कोमट लागते का?

दर वेळी उतरणारी बॅटरी सोपी. मीटर लावला की सापडते. कधी-कधी उतरणारी असेल तर आधी ती कधी उतरते हे कळलं पाहिजे, नाहीतर मीटर लावाल तेव्हा बिघाड तिथे नसेल.

संगममाहुली

@मीटर_दाखवा : पूर्ण चार्ज होऊन थांबल्यावर १२.६५. इंजिन चालू १४.१, हेडलाईट लावले तर १३.८. निगेटिव्ह सोडवून मोजलं तर जेमतेम ४ मिलिअँपिअर, ते म्युझिक सिस्टीमच्या मेमरीचे असावेत. वेगवेगळ्या दिवशी मोजलं, दर वेळी तेवढंच. म्हणूनच तर डोकं चालेना.

@निवृत्त_डेपो काका : अल्टरनेटरबरोबरच बाबांनी हॅलोजन हेडलाईट लावून घेतले होते. तेव्हा बॅटरीशेजारच्या पट्टीवर एक रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवलेला दिसतो. गाडी सपाटीवर, शेडमध्ये. कोण चालवतं वगैरे नोंद नाही, आजपासून वही घालते.

@कोकणरस्ता : उंदरांची लेंडी नाही, वायरी कुरतडलेल्या नाहीत. आमच्या मनीचा शेडमध्येच मुक्काम असतो.

कोकणरस्ता

मनीला आमचा नमस्कार. तो संशयित सोडून देतो.

अबुधाबीकर

माझं मत वेगळं आहे. ४५ वर्षांची हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींची अख्खी जुडी. एक बिघाड शोधाल, पुढच्या महिन्यात दुसरा. नवीन वायरिंग टाकून घ्या, पुढची वीस वर्षं बघायला नको. इकडे एका मित्राने जुन्या लँडरोव्हरचं पूर्ण वायरिंग बदललं, तेव्हापासून गाडी घड्याळासारखी चालते.

बॉनेटखाली

अबुधाबीकर, लँडरोव्हरला तयार हार्नेस मिळते. रंग तेच, लांबी तीच, प्रत्येक टोकाला बरोबर थिंबल (वायरीवर दाबून बसवायचं धातूचं टोक). पद्मिनीला गावात "पूर्ण वायरिंग" म्हणजे कारागीर एकाच लाल रंगाचं बंडल आणणार, मोजून कापणार, पीळ मारणार. आहे ती वायरिंग निदान रंगावरून वाचता येते, ती गेली की पुढच्या वेळी अंधारात चाचपडायचं. शिवाय बिघाड स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये असेल तर सगळ्या वायरी नव्या करूनही तो तिथेच राहणार. आधी शोधा, मग ठरवा.

अबुधाबीकर

कारागिराबद्दलचा मुद्दा मान्य. पण जुनी रबरी वायर वळवली की तडकते, हेही तितकंच खरं. शोधताना हात जपून लावा.

कोकणरस्ता

काटा हलतो म्हणालात ना, ती अर्थिंगची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायच्या रस्त्याची तक्रार वाटते. माझ्या जीपची हकिगत सांगतो, लांब आहे पण कामाची आहे.

इंजिनचं काम करून आणलं. नंतर सेल्फ कधी उचलायचा, कधी नाही. बॅटरी नवी टाकली, सेल्फ उघडून ब्रश बदलले, फरक शून्य. एक दिवस मुलगा सेल्फ मारत होता आणि मी बॉनेटवर वाकलो होतो. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लागला आणि चटका बसला! केबलच्या आवरणातून धूर निघत होता. झालं होतं असं की इंजिन परत बसवताना इंजिन आणि चॅसिसमधली तांब्याची विणलेली पट्टी लावायचीच राहिली होती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे चॅसिसपासून तुटलेलं. सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला रस्ता शोधणार, आणि त्याला मिळाली ती ॲक्सिलरेटरची बारीक तार. पट्टी लावली, आजतागायत त्रास नाही.

तेव्हा सेल्फ मारताना चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल गरम होते का तेवढं हाताने बघा.

मीटर_दाखवा

उत्तम अनुभव. हे मीटरनेही दिसतं. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी खराब. हेडलाईटसाठी तेच : काळी तिथेच, लाल हेडलाईटच्या अर्थच्या टोकाला, दिवे चालू. ०.२ च्या आत हवं. चालू करंटमध्ये मोजायचं, नुसता ओहम लावून काही कळत नाही. विणलेल्या पट्टीची एकच तार शिल्लक असली तरी ओहम मीटर "सगळं छान" म्हणतो.

निवृत्त_डेपो

आमच्या बसगाड्या २४ व्होल्टच्या, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. खासगी ट्रक-बसवाले काय करायचे, १२ व्होल्टचा टेप किंवा पंखा दोनपैकी एकाच बॅटरीवर लावायचे. ती बिचारी रोज थोडी थोडी उतरायची, आणि चार्जिंग दोघींना मिळून मोजलं जात असल्याने दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवायची. मालक म्हणायचा, "एकच बॅटरी सारखी खराब होते, कंपनी फसवते." दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजले की पाच मिनिटांत उलगडा. बेरीज २५ दिसली म्हणून समाधान मानायचं नाही.

ताईंच्या गाडीत हे लागू नाही, पण इथल्या तरुण मंडळींना उपयोग होईल.

बॉनेटखाली

ताई, एक प्रश्न. चावी काढलेली असताना हेडलाईटचा स्विच ओढला तर दिवे लागतात का?

संगममाहुली

बघून सांगते म्हणणार होते, पण हे मला आधीच माहीत आहे. कधी लागतात, कधी नाही. मी समजत होते स्विच झिजलाय.

बॉनेटखाली

थांबा थांबा. हे महत्त्वाचं आहे. स्विच झिजला असेल तर चावी चालू असतानाही दिवे कधी लागतील, कधी नाही. तसं होतं का?

संगममाहुली

नाही! चावी चालू असताना दर वेळी लागतात. हा विचारच केला नव्हता.

निवृत्त_डेपो

मग तो रिलेच असणार. बॉनेटखाली यांनी नेमकं बोट ठेवलं. बाबांनी हॅलोजन लावले तेव्हा कारागिराने दिव्यांचा करंट चावीवर चालणाऱ्या रिलेतून घेतला असणार. चावी बंद तर रिले सुटला पाहिजे आणि दिवे लागायला नकोत. कधी कधी लागतात, म्हणजे कधी कधी रिलेचे पॉइंट (आतले एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके) चिकटून राहतात.

पण नुसते चिकटलेले पॉइंट बॅटरी उतरवत नाहीत, कारण दिव्याचा स्विच बंद असतो. त्या रिलेच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर आणखी काय जोडलंय? टोकाच्या थिंबलमध्ये किती वायरी आहेत ते बघा.

संगममाहुली

टॉर्च घेऊन जाऊन आले. एका थिंबलमध्ये दोन वायरी दाबल्यात. जाड लाल डॅशबोर्डकडे जाते. बारीक पिवळी काळ्या टेपमध्ये शिरते आणि खाली, अल्टरनेटरच्या बाजूला बाहेर येते. मध्ये एक चपटा डबा आहे.

मीटर_दाखवा

चपटा डबा म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट सांभाळणारा रेग्युलेटर, आणि पिवळी म्हणजे फील्डची वायर!

इतरांसाठी : अल्टरनेटरमध्ये फिरणारं चुंबक असतं ते कायमचं नाही, त्याला बॅटरीतून करंट द्यावा लागतो. तोच फील्ड. रोटरच्या, म्हणजे त्या फिरणाऱ्या भागाच्या, वेटोळ्याचा रोध साधारण तीन-चार ओहम, म्हणजे १२ व्होल्टला तीन-चार अँपिअर. इंजिन बंद असताना रेग्युलेटरला दिसतं की व्होल्ट कमी आहेत, तो बिचारा पूर्ण फील्ड देतो. चार्जिंगचा दिवा चावीवर आहे, त्यामुळे तो लागत नाही. रात्रभर तीन-साडेतीन अँपिअर, सकाळी बॅटरी आडवी. हिशोब जुळतो.

जुळत नाही ते एवढंच की मीटर ४ मिलिअँपिअर का दाखवतो.

निवृत्त_डेपो

रिले कुठे आहे म्हणालात? बॅटरीशेजारच्या पट्टीवर. आणि निगेटिव्हचा लग सोडवताना काय करता?

संगममाहुली

घट्ट बसलेला असतो, पान्याने ठोकून सैल करते.

निवृत्त_डेपो

त्या ठोक्याने चिकटलेले पॉइंट सुटतात. तुम्ही मीटर लावेपर्यंत चोर पसार. बॉनेट आपटलं तरी सुटत असतील, रस्त्यावर खड्ड्यात गेलं तरी.

बॉनेटखाली

तेव्हा आता काहीही न सोडवता मोजायचं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कोणाकडून तरी घ्या. केबलभोवती चिमटा लावला की झालं. नीट बघून घ्या, स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, त्यांचा इथे उपयोग नाही. लावण्याआधी शून्य करून घ्या.

आणि एक बिनपैशाची परीक्षा. संशय असेल त्या रात्री गाडी लावल्यावर, काही न हलवता, स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, मधोमध बेअरिंगपाशी हलकेच न्या. फील्ड चालू असेल तर टोक ओढलं जातं, चांगलं जाणवतं. बंद असेल तर जेमतेम किंवा नाहीच. अर्थात इंजिन बंद असतानाच, आणि पॉझिटिव्हच्या नटपासून लांब.

रानवारा

क्लॅम्प नसेल तर? ते महाग पडतात.

मीटर_दाखवा

रिलेच्या टोकावर व्होल्ट मोजा. चावी काढलेली असताना तिथे १२ दिसले की काम झालं, करंट मोजायची गरजसुद्धा नाही.

एरवी, ज्या गाडीत जागा माहीत नाही तिथे फ्यूज न काढता त्याच्या दोन्ही टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. करंट वाहत असेल तर फ्यूजवर चिमूटभर व्होल्टेज पडतंच, ज्यावर शून्य नाही ती लाईन चालू. पद्मिनीत ते टोकदार चिनीमातीचे फ्यूज आहेत, दोन्ही टोकं उघडी, मोजायला सोपे. पण त्यांच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर आधी साफ करा, फ्यूज फिरवूनही फरक पडतो.

चेतकप्रेमी

मी चहा घेऊन बसलोय. पुढे काय झालं ते लवकर सांगा.

संगममाहुली

सापडलं!

क्लॅम्प भावाच्या मित्राकडून मिळाला. वहीतली नोंद काका म्हणाले तशीच बोलकी निघाली. बॅटरी उतरते ती भावाने आदल्या संध्याकाळी गाडी चालवलेली असते तेव्हाच. मी दिवसा चालवते. काल तो एका लग्नाला जाऊन रात्री परतला. मी त्याला सांगून ठेवलं होतं की बॉनेटला हात लावायचा नाही, दारही हळू लाव.

बॉनेट अलगद उघडलं. क्लॅम्प निगेटिव्ह केबलवर : ३.४ अँपिअर. चावी भावाच्या खिशात. स्क्रू ड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागे नेला तर हातातून खेचल्यासारखा चिकटला. भाऊ तीनदा काढून तीनदा चिकटवत बसला. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर एक टिचकी मारली. आतून बारीक "टिक" आणि मीटरवर शून्य. ड्रायव्हर गळून पडला.

आज सकाळी रिले काढून पत्र्याचं कव्हर उचकटलं. एका पॉइंटवर टाचणीच्या डोक्याएवढा डोंगर आहे आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा, भोवती काजळी. दोन्ही एकमेकांत बसतात.

आता मला एवढंच कळत नाही की भावानेच चालवल्यावर का?

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

भाऊ संध्याकाळी गाडी काढताना आधी दिवे ओढतो आणि मग चावी फिरवतो का?

संगममाहुली

विचारलं. हो, शेडमध्ये अंधार असतो म्हणून स्विच आधी ओढलेला असतो. तुम्हाला कसं कळलं?

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

बाबांची शिकवण : आधी गाडी, मग दिवे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, ते इथले जाणकार सांगतील.

निवृत्त_डेपो

बाबांचं बरोबर होतं. दिव्यातल्या थंड फिलामेंटचा (तारेचा) रोध गरम फिलामेंटच्या मानाने फार कमी असतो, दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ५५ वॅटचे दोन दिवे चालताना नऊ-दहा अँपिअर घेतात, पण लागण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. ताई चालवतात तेव्हा रिले आधी लागतो, दिवे लागलेच तर नंतर स्विचवरून, म्हणजे तो झटका रिलेच्या पॉइंटना मिटताना बसत नाही. भाऊ चालवतो तेव्हा दिव्याचा स्विच आधीच ओढलेला, त्यामुळे रिले मिटत असतानाच सगळा झटका त्याच्या पॉइंटवर. मिटताना पॉइंट थोडे उसळतात, ठिणगी पडते, धातू वितळतो आणि थंड होताना जोडला जातो. डोंगर आणि खड्डा त्याचाच.

धाकट्या भावाला रागवू नका. चूक वायरिंगच्या मांडणीत आहे. दिवे आणि फील्ड एका रिलेवर घ्यायला नको होते.

संगममाहुली

रागवत नाही, त्याला आता स्वतःच शोधल्यासारखा आनंद झालाय. मग नवीन मांडणी कशी करू?

बॉनेटखाली

फील्डला रिले लागतच नाही. तीन-चार अँपिअर चावीचा स्विच सहज सोसतो. रेग्युलेटरला जाणारी पिवळी वायर इग्निशनच्या लाईनवर घ्या, मध्ये ५ किंवा ७.५ चा फ्यूज. हेडलाईटला दोन वेगळे रिले, एक डिमला, एक अप्परला. दोघांना बॅटरीकडून थेट २.५ चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येकीला आपला १५ चा फ्यूज आणि तो फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ. रिलेच्या कॉइलला चालवायला जुनी हेडलाईटची वायर वापरा, म्हणजे जुन्या स्विचवर आता जेमतेम पाव अँपिअर येईल. दिवेही प्रखर होतील, कारण लांबच्या जुन्या वायरीत पडणारं व्होल्टेज वाचेल.

अबुधाबीकर

एवढं करताय तर निदान पुढच्या भागाचं वायरिंग तरी नवीन करा. माझा हट्ट पूर्ण सोडत नाही.

मीटर_दाखवा

यात मी तुमच्या बाजूने. बॅटरी ते हेडलाईट नवीन करायलाच हवं, तिथे उष्णता आणि पाणी दोन्ही लागतं. डॅशबोर्डमागचं मात्र तडकलेलं नसेल तर राहू द्या.

रानवारा

आणि माझा कट-ऑफ स्विच?

निवृत्त_डेपो

तोही लावा की. बिघाड काढल्यानंतर लावला तर चांगलीच गोष्ट, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर उपयोगी. बिघाडावर उपाय म्हणून लावू नका, एवढंच.

कोकणरस्ता

काट्याचं राहिलं. हेडलाईट लावल्यावर टेंपरेचर हलतो त्याचं काय झालं?

संगममाहुली

त्याचं आज बघितलं. मीटर_दाखवा यांनी सांगितलं तसं दिवे चालू करून हेडलाईटच्या अर्थला मोजलं : १.७ व्होल्ट. म्हणजे दिव्याला मिळायचे त्यातले पावणेदोन व्होल्ट अर्थवरच खर्च. वायर धरून गेले तर रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यावर एक बोल्ट आहे, हेडलाईटचा अर्थ आणि डॅशबोर्डकडून आलेला अर्थ दोन्ही त्याच्यावर. गाडीला रंग दिला तेव्हा बोल्टसकट रंगवलाय. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, दातेरी वॉशर घातला, घट्ट केला, वरून व्हॅसलीन. आता ०.०८. काटा ढिम्म हलत नाही.

इंजिनच्या पट्टीवर सेल्फ मारताना ०.१५ आलं, म्हणजे ती ठीक. चोकची केबल गार.

मीटर_दाखवा

झकास. डॅशबोर्डचा अर्थ मात्र त्या बोल्टवरून काढून वेगळ्या जागी न्या. एकाच बोल्टवर दिव्यांचा मोठा करंट आणि मीटरचा बारीक करंट असला की गंज चढल्यावर पुन्हा हेच.

चेतकप्रेमी

माझ्याकडे आता एक जुनी मारुतीही आलीय. तिचा उजवा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो. नवीन धागा काढू की इथेच?

कोकणरस्ता

नवीन काढा. पण त्याआधी मागच्या दिव्याच्या अर्थचा स्क्रू काढून घासा, कदाचित धागा काढावाच लागणार नाही.

संगममाहुली

रिले, फ्यूज होल्डर आणि वायर आणली. शनिवारी भाऊ आणि मी बसतोय. एक शेवटचं : रिले पुन्हा बॅटरीशेजारच्या पट्टीवरच लावू का?

निवृत्त_डेपो

नको. बॅटरीजवळ ॲसिडची वाफ असते, टोकं हिरवी पडतात. फायरवॉलवर (इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यावर) उंच जागी, टोकं खाली करून लावा म्हणजे पाणी आत साचणार नाही. आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा, कुठून आली, कुठे जाते.